पोकलेनची डावी चेन मागे पडतेय. चेन फिरवणारी ट्रॅव्हल मोटर बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं?

लाल_माती | ६ मे, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोली तालुक्यात माझी २० टनी पोकलेन आहे. एकच आहे आणि तिच्यावरच घर चालतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खाणीवर लावायची म्हणून २०१० मध्ये घेतली. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मधे थोडं काम मिळालं, मार्च २०१८ मध्ये पुन्हा सगळं बंद. तेव्हा ती पावणेदोन वर्षं घरामागे ताडपत्रीखाली उभी होती. दोन पावसाळे तिने तिथेच काढले. नंतर महामार्ग ६६ च्या रुंदीकरणाला गेली. आता गावातली कामं करते: रस्ता कापणं, चिरेखाणीवरची माती काढणं, बांध घालणं. मीटरवर ११,४०० तास झालेत.

गेल्या महिन्यापासून चढ चढताना डावी चेन मागे पडते आणि मशीन डावीकडे वळत जातं. सकाळी कळत नाही. दुपारी जेवून पुन्हा चालू केलं की स्पष्ट दिसतं. बूम, बकेट, स्विंग ठीक आहे असं ऑपरेटर म्हणतो. आमचा मेकॅनिक म्हणाला, "दोन्ही बाजूंच्या फायनल ड्राइव्ह असेंब्ली बदला, तास झालेत." म्हणजे मोटर आणि तिचा गिअरबॉक्स, सगळंच. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी दोन रात्री झोपलो नाही. पाऊस महिन्याभरावर आला आहे. मोटर खरंच संपली आहे हे खात्रीने कसं कळेल? की आधी दुसरं काही बघायला हवं?

स्पॅनर | ६ मे, रात्री १०:३५

काहीही ऑर्डर करू नका. आधी चार गोष्टी बघून सांगा.

पुढे जाताना आणि मागे येताना, दोन्ही वेळा डावीच चेन मागे राहते का? एकाच दिशेला राहत असेल तर मोटरपेक्षा त्या दिशेच्या रिलीफ वॉल्व्हवर (जादा प्रेशर सोडणारा), पायलट लाइनवर (लिव्हरचा इशारा नेणारी) किंवा सेंटर जॉइंटच्या (वरच्या फिरत्या भागातून खाली तेल नेणारा सांधा) सीलवर माझा संशय जाईल. झिजलेली मोटर दोन्ही दिशांना सारखीच दमते.

कासवावर (हळू) आणि सशावर (जलद), दोन्ही स्पीडला फरक पडतो का? फक्त सशावर पडत असेल तर डाव्या मोटरची स्पीड बदलायची यंत्रणा अडकलेली असू शकते. ते काम छोटं असतं.

दोन्ही चेनचं टेन्शन सारखं आहे का? यावर लोक हसतात, पण लाल मातीचा चिखल रोलरमध्ये सुकून बसला आणि एक चेन जास्त ताणलेली असली की तीच चेन जड जाते. मी फोंड्याहून धारबांदोड्याला गेलो आणि फावड्याने चिखल काढून परत आलो, असं दोनदा झालंय.

चौथं म्हणजे डाव्या ट्रॅव्हलचं तेल ज्या पंपातून येतं, त्याच पंपावरच्या बाकीच्या हालचाली मंद झाल्या आहेत का? पंप दमला असेल तर तो एकट्या चेनपुरता दमत नाही.

गरम झाल्यावर त्रास वाढतो हे तुम्ही आधीच लिहिलंत ते बरं केलंत. मोटर, पंप किंवा सील, कुठे ना कुठे तेल आतल्या आत गळतंय हे त्यावरून नक्की. ४६ नंबरचं हायड्रॉलिक तेल ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असतं, १०० अंशांना जेमतेम ७. सकाळी दाट तेल झिजलेल्या फटीतून जात नाही, दुपारी पातळ होऊन जातं.

चोर्लाघाट | ७ मे, सकाळी ७:१०

माझं मत वेगळं आहे, स्पष्टच लिहितो. माझी सहा मशीनं रस्त्याच्या कामावर आहेत. दहा हजार तासांच्या पुढे गेलेली मोटर मी तपासत बसत नाही, बदलतो. दोन्ही बाजूंची. कारण मशीन उभं राहिलं की मागे चार टिपर उभे राहतात, रोलर उभा राहतो, माणसं बसून राहतात. बेळगावहून चोर्ला घाटातून पार्ट यायला एक दिवस, बसवायला एक दिवस, आणि पार्ट तिथे नसलाच तर आठवडा. तो खर्च मोटरपेक्षा जास्त आहे.

स्पॅनर | ७ मे, सकाळी ८:०२

चोर्लाघाट साहेब, सहा मशीनं असताना तुमचा हिशेब बरोबर आहे. मालकाकडे एकच मशीन असलं की त्या पैशातून वर्षाचे हप्ते जातात. आणि तासांवर मला भरवसा नाही. १५,००० तासांची मोटर मी नव्यासारखी बघितली आहे आणि ३,००० तासांत भुगा झालेलीही. तेल किती स्वच्छ राहिलं, यावर सगळं ठरतं.

नवा_ऑपरेटर | ७ मे, दुपारी १:२०

मी साखळी शहराजवळ मिनी पोकलेन चालवतो, अजून शिकतोय. या मोटरींबद्दल कुठेही वाचलं की 'केस ड्रेन' हा शब्द येतो. ते नेमकं काय असतं, कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

स्पॅनर | ७ मे, रात्री ९:१५

सांगतो. या प्रश्नाचं उत्तर कळलं की धाग्याचा अर्धा विषय कळला.

ट्रॅव्हल मोटरच्या आत सिलिंडर ब्लॉक असतो, त्यात नऊ किंवा अशीच विषम संख्येची पिस्टनं. प्रेशरचं तेल पिस्टनांना ढकलतं आणि ब्लॉक फिरतो. पिस्टन आणि भोक यांच्यात काही मायक्रॉनची फट ठेवलेली असते. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, त्यावरून अंदाज घ्या. त्या फटीतून थोडं तेल सतत बाहेर येतं आणि यायलाच हवं, कारण त्यानेच आतल्या भागांना वंगण मिळतं. हे गळलेलं तेल मोटरच्या खोक्यात (इंग्रजीत केस) जमतं आणि बारीक पाइपाने टाकीत परत जातं. तो पाइप म्हणजे केस ड्रेन.

खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतीचा बांध डोळ्यांसमोर आणा. थोडा पाझर प्रत्येक बांधाला असतो. खेकड्यांनी बिळं केली की भरतीच्या वेळी पाणी आत घुसायला लागतं, ओहोटीला मात्र बांध चांगलाच दिसतो. मोटरचंही तसंच. सपाटीवर प्रेशर कमी असतं तेव्हा गळती कळत नाही. चढावर प्रेशर वाढलं की तेल पिस्टनला ढकलायचं सोडून फटीतून निघून जातं.

म्हणून केस ड्रेनचं तेल एका मिनिटात किती येतं ते मोजायचं. ते माप मशीनच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी आणि शेजारच्या मोटरशी ताडून बघायचं. मोटर बाहेर न काढता तिच्या पोटात काय चाललंय हे सांगणारी याहून स्वस्त तपासणी मला माहीत नाही. मोजपात्र, एक बुच, घड्याळ आणि दोन माणसं, बस.

निवृत्त_मेंटेनन्स | ७ मे, रात्री ११:४०

धागा वाचून राहवलं नाही. कुडचडे भागातल्या खाणीच्या मेंटेनन्स विभागात ३१ वर्षं होतो.

आमच्याकडे प्रत्येक मशीनची वही असायची. ठरावीक तासांनी तेलाचा नमुना प्रयोगशाळेत जायचा, आणि सीझन संपला की प्रत्येक मोटरची केस ड्रेन मोजून वहीत लिहायची. एका आकड्याला फार अर्थ नसतो. दर वर्षी अर्धा-अर्धा लिटर वाढत गेलेली मोटर अजून दोन सीझन देईल, असं आम्ही बिनधास्त सांगायचो. दोन वर्षं तीन लिटरवर स्थिर राहून अचानक सहावर गेलेली मोटर त्याच पावसाळ्यात काढायचो, मॅन्युअलची मर्यादा ओलांडलेली नसली तरी. अशी अचानक उडी म्हणजे आत काहीतरी तुटायला लागलेलं असतं.

आता गळतीची किंमत किती ते बघा. लिटर प्रति मिनिट गुणिले बार (प्रेशरचं एकक), भागिले ६००, म्हणजे किलोवॉट. ३०० बारला १५ लिटर गळत असतील तर साडेसात किलोवॉट. घरातला गिझर २ किलोवॉटचा असतो. म्हणजे जवळजवळ चार गिझर तुमच्या टाकीत लावल्यासारखे झाले, आणि त्यासाठी डिझेल तुम्ही भरताय. त्या उष्णतेने तेल आणखी पातळ होतं, गळती आणखी वाढते, सगळ्या मशीनचे सील कडक होतात. झिजलेली मोटर "चालतेय तोवर चालवू" म्हणून ठेवली की ती पंपालाही सोबत घेऊन जाते.

आता मनाला लागलेली गोष्ट. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि यार्डात मशीनं रांगेने उभी राहिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर पुन्हा तेच. आपल्याकडचा पाऊस सुमारे ३,००० मिलिमीटर, हवा खारी. टाकीतल्या रिकाम्या जागेत दमट हवा शिरते, रात्री तिचं पाणी होतं आणि तळाला बसतं. ज्यांनी महिन्यातून एकदा इंजिन चालू करून सगळ्या हालचाली फिरवल्या त्यांची मशीनं वाचली. ज्यांनी चावी काढून घेतली त्यांच्या मोटरी उघडल्यावर पिस्टनांवर गंजाची नक्षी होती. गंजाचे कण खरकागदासारखं काम करतात. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या शंभर तासांत त्यांनी जे नुकसान केलं ते दहा वर्षांच्या कामाने झालं नव्हतं.

लाल_माती, तुमचं मशीन पावणेदोन वर्षं उभं होतं हे तुम्ही सहज लिहून गेलात. माझ्या दृष्टीने ११,४०० तासांपेक्षा तीच मोठी गोष्ट आहे.

जाता जाता एक. आपण प्रत्येक एक्सकॅव्हेटरला पोकलेन म्हणतो ते मूळचं फ्रान्सच्या कंपनीचं नाव. आज त्या नावाची कंपनी हायड्रॉलिक मोटरी आणि पंप बनवते.

लाल_माती | ८ मे, रात्री ८:३०

सगळ्यांचे आभार. काका, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. उभं होतं तेव्हा मी इंजिन चालू करायचो, पण मशीन हलवत नव्हतो. जागाच नव्हती. म्हणजे ट्रॅव्हल मोटरमधलं तेल त्या काळात हललंच नाही.

स्पॅनर दादा, तुमच्या प्रश्नांची उत्तरं: पुढे-मागे दोन्हीकडे डावीच. ससा-कासव दोन्हीवर. चिखल काढला, टेन्शन सारखं केलं, किंचित फरक पडला पण त्रास गेला नाही. बाकी हालचाली मंद नाहीत.

एका ओळखीच्या माणसाने सुचवलं की ४६ ऐवजी ६८ नंबरचं तेल घाल, सीझन निघून जाईल. ते करू का?

स्पॅनर | ८ मे, रात्री ९:०५

६८ घालून दुपारचा त्रास थोडा लपेल. पण सकाळी थंड दाट तेल ओढताना पंपाला कमी पडेल, पंप ओरडेल, आणि आपण एका मोटरसाठी पंप घालवू. कंपनीने त्या मशीनला ६८ चालेल असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. आजार लपवायला म्हणून नको.

तुमच्या उत्तरांवरून पंपावरचा संशय जवळजवळ गेला. खात्री हवी असेल तर कंट्रोल वॉल्व्हवरून सेंटर जॉइंटकडे जाणारे डाव्या-उजव्या ट्रॅव्हलचे पाइप अदलाबदल करा. त्रास उजवीकडे गेला तर पंप किंवा वॉल्व्ह. डावीकडेच राहिला तर सेंटर जॉइंट किंवा मोटर. हे करताना डावा लिव्हर उजवी चेन चालवेल, म्हणून मोकळ्या सपाट जागेत करा, जवळ कोणी नको.

मग केस ड्रेन. तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानापर्यंत गरम करा, थंड तेलावरचं माप फसवं असतं. इंजिन बंद, टाकीचं प्रेशर सोडलेलं. मोटरवरून केस ड्रेनचा पाइप काढा. टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला बुच लावा. मोटरच्या तोंडाला जादा पाइप जोडून तो मोजपात्रात सोडा. मोटरच्या तोंडाला बुच चुकूनही लावू नका. गळतीला बाहेर जायला वाट राहिली नाही तर शाफ्टचा सील फुटतो, कधी खोकंच तडकतं. स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) मॅन्युअलमधल्या रीतीप्रमाणे पिन घालून अडवा, इंजिन पूर्ण रेसवर, लिव्हर पूर्ण. पहिली ३० सेकंदं सोडून द्या, मग एक मिनिट मोजा. मधे थांबा, कारण अडवलेल्या अवस्थेत तेल भराभर तापतं. स्प्रॉकेट थोडं फिरवून तीन जागी माप घ्या. एखाद्या पिस्टनवर ओरखडा असेल तर एका जागी माप कमी आणि दुसऱ्या जागी दुप्पट येतं. पात्र धरायला माणूस उभा ठेवू नका, पात्र जमिनीवर ठेवून लांब व्हा.

आणि सर्वांसाठी: गळती कुठून आहे ते बोटाने चाचपू नका. केसाएवढ्या भोकातून येणारी तेलाची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखत नाही, आणि काही तासांत बोट कापायची वेळ येते. पुठ्ठा फिरवून बघा. असं झालंच तर दुखायची वाट न बघता सरळ हॉस्पिटलात जा आणि डॉक्टरांना सांगा की तेल प्रेशरने आत गेलंय.

मालीम_जेटी | ९ मे, सकाळी ६:२५

आमचं मशीन जमिनीवरचं नाही, ट्रॉलरवरची विंच आहे. पण मोटर हायड्रॉलिकच, म्हणून लिहितो.

जाळं ओढताना आमची विंच मंद पडायला लागली होती. तिला छोटी ऑर्बिटल मोटर. शाफ्टचा सील एका वर्षात तीनदा गेला. दर वेळी मेकॅनिक म्हणायचा मोटर संपली. तिसऱ्या वेळी नवी मोटर बसवली आणि पंधरा दिवसांत तिचाही सील गेला. मग एका जाणत्या माणसाने परतीच्या लाइनवर गेज लावलं. परतीचा फिल्टर तुंबून तिथे जे प्रेशर साचत होतं तेच सील फोडत होतं. फिल्टर बदलला, तेव्हापासून सील टिकलाय. जुनी मोटर मी भंगारात दिली होती, ती कदाचित चांगली असेल. अजून वाईट वाटतं.

माझा प्रश्न: आमच्या मोटरला केस ड्रेनचा पाइपच नाही. मग मोजायचं काय? १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीला बंदी आहे, तेव्हा सगळं उघडणार आहे.

निवृत्त_मेंटेनन्स | ९ मे, सकाळी १०:००

चांगला प्रश्न. गिअर मोटर आणि ऑर्बिटल मोटर यांच्यात बरीचशी गळती प्रेशरच्या बाजूकडून थेट परतीच्या बाजूला जाते. त्यामुळे केस ड्रेन असला तरी तो पूर्ण खरं सांगत नाही. तिथे फेरे मोजायचे. मोटर एका फेऱ्याला १०० सीसी घेते आणि तिला मिनिटाला १०० लिटर तेल मिळतंय, तर १,००० फेरे व्हायला हवेत. ड्रमवर खडूची खूण करून मोजले आणि ८५० भरले, तर १५ लिटर आतून निसटतंय. हे भार असताना मोजा, रिकामी विंच नेहमी चांगलीच फिरते. मधे गिअरबॉक्स असेल तर त्याचं प्रमाण धरा. दुसरा मार्ग म्हणजे ड्रम बांधून ठेवायचा, ठरलेलं प्रेशर द्यायचं आणि परतीच्या पाइपातून किती येतं ते मोजायचं. शाफ्ट थांबलेला असताना जे येतं ती सगळी गळती. ड्रम नीट बांधलेला असू दे आणि दोरीच्या रेषेत कोणी उभं राहू नये.

लाल_माती | १२ मे, रात्री १०:१०

मोजलं. पाइपांची अदलाबदल आधी केली, त्रास डावीकडेच राहिला. मग केस ड्रेन.

थंड तेलावर: डावी अडीच लिटर, उजवी दोन. मी खूश झालो. ऑपरेटर म्हणाला, पात्राव (मालक), गरम करून मोजूया. गरम तेलावर उजवी तीन लिटर. डावी एका जागी सात, दुसऱ्या जागी नऊ, तिसऱ्या जागी सव्वाआठ. डावीचं माप मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या बाहेर, उजवी व्यवस्थित आत. गेजवर ३४० बार होतं. काकांच्या सूत्राने नऊ लिटरचे पाच किलोवॉट होतात.

आणखी दोन गोष्टी सापडल्या. डाव्या फायनल ड्राइव्हचा लेव्हलचा बोल्ट सैल केल्याबरोबर तेल धारेने बाहेर आलं. गिअर तेल असतं तेवढं दाट नव्हतं, हायड्रॉलिक तेलासारखं पातळ होतं. आणि परतीचा फिल्टर कापून पांढऱ्या कापडावर झटकला तर सोन्यासारखी चमक. लोहचुंबक फिरवलं, त्याला जवळजवळ काही चिकटलं नाही.

स्पॅनर | १२ मे, रात्री १०:३०

आता मोटर काढा. शंका उरली नाही.

चमक पिवळी आहे आणि चुंबकाला येत नाही, म्हणजे पितळेची जात. पिस्टनच्या बुडाशी असलेले शू किंवा वॉल्व्ह प्लेटचा थर झिजतोय. लोखंडाचा चुरा आला असता तर बेअरिंग किंवा गिअरकडे बघितलं असतं. फिल्टरमध्ये डोळ्याला दिसणारा कण म्हणजे साधारण ४० मायक्रॉनच्या वरचा. ज्यांनी खरं नुकसान केलं ते त्याहून बारीक, ते दिसतच नाहीत.

गिअरबॉक्समध्ये पातळ तेल म्हणजे मोटरच्या शाफ्टचा सील गेलाय. गिअरबॉक्स लगेच रिकामा करून धुवा, तसा चालवला तर पुढचा खर्च दुप्पट.

उजवीला हात लावू नका. आणि काढण्याआधी एक काम: डाव्या केस ड्रेनचा पाइप मोटरपासून सेंटर जॉइंटपर्यंत हाताने तपासा. सील गेला की मी नेहमी विचारतो, खोक्यातलं प्रेशर का वाढलं?

लाल_माती | १४ मे, रात्री ९:२०

दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर बघितलंच नसतं. मधल्या एका दुरुस्तीत तो पाइप बदलला होता. जुन्यापेक्षा बारीक भोकाचा बसवलाय, आणि खालच्या पत्र्याच्या कव्हरखाली तो दबून चपटा झालाय. ज्याने बसवला त्याने मापाचा मिळेना म्हणून जवळचा लावला असणार. मी तेव्हा समोर उभा होतो, मलाही कळलं नाही. आता म्हापशाहून योग्य मापाचा क्रिम्प करून आणलाय.

मोटर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये उघडली. सिलिंडर ब्लॉकच्या तोंडावर नख अडकेल असे गोल ओरखडे. दोन पिस्टनांचे शू हाताने खुळखुळतात. तीन पिस्टनांवर गंजाचे खड्डे, काका म्हणाले तसेच. शाफ्टच्या बेअरिंगलाही टवके. गिअरबॉक्स मात्र चांगला आहे, दात स्वच्छ.

आता प्रश्न असा: सील किट आणि ओरखडे घासून काढणं, की आतला पूर्ण रोटरी ग्रुप (ब्लॉक, पिस्टनं, शू) नवा, की नवी मोटर?

चोर्लाघाट | १४ मे, रात्री ९:४५

फोटो नसतानाही सांगतो, नुसतं सील किट टाकू नका. मी पूर्वी पैसे वाचवायला दोनदा तसं केलं, दोन्ही वेळा चार महिन्यांत परत उघडलं. आणि हे मान्य करतो की तुमची उजवी मोटर मी बदलून टाकली असती आणि ती चांगली निघाली असती. माझ्या दोन मशीनांची केस ड्रेन या पावसाळ्यात मोजणार आहे.

स्पॅनर | १४ मे, रात्री १०:१५

वॉल्व्ह प्लेटवर नुसती पुसट रेघ असती तर लॅपिंग (घासून सपाट) करून चाललं असतं. ब्लॉक, पिस्टन आणि शू तिन्ही गेले की ते भाग वेगवेगळे आणू नयेत. जुन्या ब्लॉकमध्ये नवी पिस्टनं घातली तर फट तशीच राहते. रोटरी ग्रुप, बेअरिंग, सील यांची बेरीज करा. माझा हिशेब असा: नव्या मोटरच्या साठ टक्क्यांच्या आत बसत असेल आणि खोकं सरळ, न झिजलेलं असेल तर ग्रुप घालायचा. वर गेलं तर नवी मोटर. फायनल ड्राइव्हची पूर्ण असेंब्ली मात्र अजिबात नको, तुमचा गिअरबॉक्स चांगला आहे. वापरलेली जुनी मोटर कोणी स्वस्तात देऊ केली तर आधी तिचं माप बेंचवर दाखवायला सांगा.

बसवताना: मोटरचं खोकं केस ड्रेनच्या तोंडातून स्वच्छ तेलाने भरल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. कोरडी फिरली तर पहिल्या मिनिटात शू जळतात. फिल्टर नवे, टाकी उघडून तळ पुसायचा. तेलाचा एक थेंब गरम तव्यावर टाकून बघा, डोळ्यांना चष्मा लावून. तडतडला तर पाणी आहे, सगळं तेल बदला. मग आधी कासवावर, रिकामं, दोन्ही दिशांना सावकाश. पहिला फिल्टर पन्नास तासांनी कापून बघा.

नवा_ऑपरेटर | १५ मे, दुपारी १:४०

माझ्या मिनीला केस ड्रेनच्या लाइनवर छोटा फिल्टर आहे असं मॅन्युअलमध्ये दिसलं. मालकांना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. मशीन घेतल्यापासून बदललेला नाही. उघडला तर काळा गाळ. आज नवा मागवला.

निवृत्त_मेंटेनन्स | १५ मे, दुपारी ३:०५

शाब्बास पोरा. बदलल्याची तारीख आणि तास वहीत लिही. पहिलं पान आजचंच असू दे.

लाल_माती | २१ जून, रात्री ८:५०

उशिरा लिहितोय, पाऊस सुरू व्हायच्या आधी हातातली कामं उरकायची होती.

ग्रुपची बेरीज नव्या मोटरच्या सत्तर टक्क्यांवर गेली म्हणून नवी मोटर घेतली, फक्त डावी. तवा तडतडला, त्यामुळे तेल पूर्ण बदललं. टाकीच्या तळाला दोन बोटं लाल गाळ होता, तो बघून अंगावर काटा आला. सगळं मिळून मेकॅनिकने पहिल्या दिवशी सांगितलेल्या आकड्याच्या निम्म्यापेक्षा कमी झालं.

६० तास झाले. गरम तेलावर डावी १.८ लिटर, उजवी ३.१. चढ सरळ चढतं. फिल्टर कापला, थोडी करडी धूळ, चमक नाही. वही घातली आहे, आधीची आणि आताची सगळी मापं लिहिली. उजवीचं पुढचं माप चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर, काम सुरू करायच्या आधी घेणार. मशीन उभं असलं तरी दर पंधरवड्याला अंगणात दोन्ही चेन पुढे-मागे फिरवतो. त्यासाठी कुंपण चार मीटर मागे घेतलं.

चोर्लाघाट | २१ जून, रात्री ९:३०

मोजायला जे फिटिंग आणि बुच वापरलंत ते कोणत्या मापाचं? माझ्यातलं एक मशीन तुमच्याच मॉडेलचं आहे.

लाल_माती | २१ जून, रात्री ९:४२

माप लिहून ठेवलं नाही, पण फिटिंग, बुच आणि पाइप तिन्ही माझ्याकडे धुऊन ठेवलेत. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतो, तेव्हा घेऊन येईन. काम झालं की नवा_ऑपरेटरकडे द्या, त्यालाही हवं आहे.